धारेवर आठ गुढ्या

गुढ्या उभारायची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर पुष्कळांनी ती पुण्याच्या मुलीच्या माथी मारायचा प्रयत्न केला. त्यात आमचे हेसुद्धा होते. पण ती बिचारी विचारत होती, "काकू, चालेल ना असं?" आणि मी तिच्यावर खेकसले होते. चूक माझीच, नवीन माणसाची नव्हे. म्हैसूरात जन्मून, म्हैसूरात म्हातारी झालेल्या बाईची.

आमच्या कॉलनीच्या मागे एक टेकडी आहे. चामुंडीच्या डोंगरापुढे ती काहीच नाही. तिला देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, नावही धड नाही. सगळे नुसतं 'बेट्टा' म्हणतात, म्हणजे टेकडीच. खाली तळं आहे, तळ्याच्या कडेने रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर ते सरकारी हायस्कूल, जिथे मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. कन्नड माध्यमात, बरं का. दहावीच्या वर्गाची खिडकी थेट टेकडीकडे उघडते. डावीकडून हळूहळू चढत जाणारी धार, मधे लांब सपाट पाठ, उजवीकडे एकदम उतार. त्रिकोणमिती शिकवताना मी फळ्यापेक्षा खिडकी जास्त वापरली. "नोडी," मी म्हणायची, बघा म्हणून, "इथून टेकडीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढा मनात." मुलं बघायची. निदान तेवढा वेळ तरी गप्प बसायची.

त्या धारेखालच्या उतारावर वसाहत येणार होती. बत्तीस बंगले, चार ओळींत, सर्वांत वरच्या ओळीत आठ. माथ्यावर गायरान आहे, तिथे अजून मेंढ्या चरतात, ते सोडून बाकी उतार खाजगी, त्यामुळे बांधकामाला कायद्याने नाही म्हणता येत नव्हतं. एकच अट होती: तळ्याच्या रस्त्यावरून पाहिलं तर टेकडीची धार अख्खी दिसली पाहिजे, तिच्यावर कुठलंही छप्पर डोकावता कामा नये. बिल्डरने कागदावर टेकडी उभी चिरून दाखवली होती. बंगला छत्तीस फूट, पाण्याच्या टाकीसकट, आणि त्याचा माथा धारेपेक्षा दहा फूट खाली. सही, शिक्का, सगळं.

तो नकाशा पाहून माझं डोकं फिरलं. खोटा नव्हता हो तो. एकही आकडा खोटा नव्हता. पण रस्त्यावरून बघणारा माणूस खाली असतो आणि मान वर करून बघतो! स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरा, अख्खा डोंगर झाकला जातो. म्हणून हात काय डोंगरापेक्षा उंच असतो? पुढे आलेली बुटकी वस्तू मागच्या उंच वस्तूला झाकते, हे नववीतल्या पोराला कळतं. माझ्या हिशेबाने आठही बंगले धारेच्या वर दिसणार होते. दात पडलेल्या तोंडात कवळी बसवावी तसे.

सुनावणीत मी हे सांगितलं. बिल्डरचा इंजिनियर हसला. पण तिथले अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, मोठे साहेब स्वतः येतील. सकाळी अकरा वाजता, तळ्याच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंनी आदल्या दिवशी जागेवर खुणा करून ठेवा. जे दिसेल त्याप्रमाणे वरच्या ओळीचं ठरेल. पुन्हा तारीख नाही, पुन्हा अर्ज नाही.

म्हणजे आमच्या हातात एक सकाळ होती, बस.

आमच्या हातात म्हणजे कोणाच्या, तर आम्ही सातआठ घरं. त्यातली बरीचशी आमच्यासारखी जुनी मराठी, आणि दोनतीन नवीन आलेली. त्या नवीनांमधली पुढे पुढे करणारी ती, पुण्याची. चाळिशीची, कंप्युटरच्या नोकरीवर इथे आलेली, कामाला एकदम चोख. हरकतीचे सगळे कागद तिनेच भरले. तिचं एकच मला झोंबायचं. मी घरच्या भाषेत काही बोलले की ती कौतुकाने मान वाकडी करायची. "काकू, किती गोड मराठी आहे हो तुमचं! शिकवलं कुणी?" शिकवलं कुणी म्हणजे? आईने! आमच्या वाक्यात निम्मे कन्नड शब्द असतात हे खरं, पण म्हणून ती काय शिकवणीची भाषा झाली?

तर खुणा. बिल्डरच्या लोकांनी चुन्याच्या फक्क्या मारून चौकोन आखले आणि मोकळे झाले. आम्ही ठरवलं की वरच्या ओळीतल्या प्रत्येक चौकोनात छत्तीस फुटी बांबू उभा करायचा. बंगल्याचा माथा नेमका कुठे येतो ते आकाशात दाखवायचं. लष्कर मोहल्ल्यातला एक मांडववाला माझ्या ओळखीचा, त्याने टेम्पोभर बांबू आणले. दोन बांबू एकाला एक जोडून, काथ्याने आवळून, तीन बाजूंनी ताणाचे दोर. मंडी मोहल्ल्यातून दोर आणले ह्यांनी, कुरकुरत. "सुम्ने कशाला," हे ह्यांचं पालुपद. उगाच कशाला. लग्नापासून ऐकतेय.

पहिला बांबू उभा राहिला आणि पुण्याच्या मुलीने खालून, रस्त्यावरून फोन केला. "काकू, काहीच दिसत नाहीये. बांबू आकाशात हरवतोय."

टोकाला कापड हवं होतं. मोठं, रंगाचं. पाडवा होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. घराघरात गुढीचं सामान अजून खुंटीवरच होतं. मी म्हणाले, "गुढ्याच उभारू की! वर गडू उपडा घातला की कापड वाऱ्याने निसटत नाही. आणि सगळी एका रंगाची घ्या, म्हणजे लांबून ओळ दिसेल." तिच्या मराठी मंडळाने पुण्याहून एकसारखी वस्त्रं मागवली होती, भगवी, जरीकाठी. ती आठ आली.

तेव्हाच ती मला म्हणाली होती, चालेल ना काकू, इथे कुणाला काही वाटणार नाही ना?

"अगं, मी इथली आहे," मी म्हणाले. "मला नको शिकवूस."

संध्याकाळपर्यंत आठही उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर जाऊन पाहिलं तर धारेच्या वर आठ भगवी टोकं स्वच्छ फडफडत होती. मला काय आनंद झाला! गणिताच्या बाईला आयुष्यात असा पुरावा क्वचित मिळतो. मी ह्यांना म्हणाले, आता बघतेच तो इंजिनियर कसा हसतो.

सकाळी आठला ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोटो होता आमच्याच टेकडीचा. खाली कन्नडमध्ये लिहिलेलं: आपल्या बेट्ट्यावर मराठी झेंडे. आज गप्प बसाल तर उद्या गाव जाईल. कुठल्या कुठल्या ग्रुपवरून फिरत फिरत ते आमच्या दूधवाल्याकडून आमच्याकडे आलं होतं.

तेव्हा मला त्या गुढ्या पहिल्यांदा परक्या डोळ्यांनी दिसल्या. दारातली एक गुढी गल्लीत सगळ्यांना माहीत असते, शेजारीण स्वतः येऊन कडुनिंब देऊन जाते. पण टेकडीच्या माथ्यावर, एका ओळीत, आठ भगवी निशाणं? सीमेचं भांडण इथून कोसभर नव्हे, शंभर कोस लांब. तरी एखाद्या बसची काच तिकडे फुटली की इकडे आमचे वडील आठ दिवस बाजारात मराठी बोलायचे नाहीत. हे मी बघत मोठी झाले. आणि तेच मी विसरले! पुण्याच्या मुलीला ते सुचलं, मला नाही.

"उतरवून टाकू," हे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. बेट्टा गेला तर गेला."

"आणि अकरा वाजता अधिकारी काय बघणार? चुना?"

मी चपला घातल्या. मागोमाग तेही आले, हे सांगायला हवं. कुरकुरतात, पण येतात.

आम्ही वर पोचेपर्यंत पंधरावीस माणसं जमली होती. गळ्यात लाल-पिवळी उपरणी, कन्नड झेंड्याच्या रंगांची. पुण्याची मुलगी आणि मांडववाला एका बांबूला पाठ लावून उभे होते, जणू दोघांच्या पाठीने तो वाचणार होता. दोन जण दुसऱ्या बांबूच्या दोराची गाठ सोडत होते. त्यांचा पुढारी चाळिशी-पंचेचाळिशीचा, तळ्याजवळच्या रिक्षा स्टँडचा प्रमुख. मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. हो, आशेने पाहिला. एकतीस वर्षं शिकवलंय, म्हटलं असेल माझ्या वर्गातला, आठवीत नापास केलेला तरी असेल. नव्हता. दुसऱ्या गावातून लग्नानंतर इथे आलेला निघाला.

"गाठ सोडू नकोस!" मी ओरडले. कन्नडमध्ये. वर्गात ओरडायची तशी. त्या दोघांचे हात थांबले, सवयीने असेल.

पुढारी माझ्याकडे वळला. मग मी बोलतच सुटले. हे झेंडे नाहीत, गुढ्या आहेत, सणाचं कापड आहे, ह्या मोजायच्या काठ्या आहेत, तुमच्याच टेकडीसाठी आहेत. धाप लागली मला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मा, कन्नड फार छान बोलता तुम्ही. कुठे शिकलात?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मी उत्तर दिलं असतं. तो चेष्टा करत नव्हता, खरंच कौतुक करत होता. ह्यांनी माझा दंड धरला.

"इथे म्हैसूरातच, नजरबादला जन्मले," मी म्हणाले. "तिथेच शिकले. तुझ्या मुलांच्या शाळेत मी आयुष्य घालवलं. आता तू कन्नडचं सोड. तू खाली चल माझ्याबरोबर. रस्त्यावरून एकदा बघ. बघितल्यावरही वाटलं तर तूच स्वतःच्या हाताने तोड."

त्याची माणसं त्याच्याकडे बघत होती. "पाच मिनिटं," तो म्हणाला.

त्याच्याच रिक्षात बसून खाली गेलो, मी आणि तो. नऊ वाजून गेले होते. मला एकच भीती, आम्ही खाली असताना वर कुणी हात चालवला तर? तळ्याच्या कठड्यापाशी त्याने रिक्षा थांबवली. मी म्हणाले, बघ.

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मी त्याला हात डोळ्यांपुढे धरायला सांगितला, बोटाने एकेक टोक मोजायला लावलं, म्हणाले, "ते टोक म्हणजे पाण्याची टाकी. तिथून खाली तीन मजली भिंत. ह्या बांबूपासून त्या बांबूपर्यंत भिंतच भिंत. धार संपली तुझी."

"पण आम्हाला सांगितलं होतं की खालून काही दिसणार नाही," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

मग खिशातून फोन काढून त्याने तो सकाळचा फोटो उघडला आणि कोणी पाठवला होता ते पाहिलं. मला नाव दाखवलं नाही. पण त्याचा चेहरा असा झाला की मला विचारायची गरज पडली नाही. वसाहतीच्या रस्त्याच्या कामावर त्याच्या स्टँडची चार पोरं माती वाहायला होती, तिथून आला होता तो फोटो. ह्याला कामाला लावलं होतं बिल्डरच्या माणसांनी. फुकट.

"उठ," मी म्हणाले. "पावणेदहा झाले."

"एक ऐका, अम्मा." तो आता हळू बोलत होता. "हे कापड आणि ती भांडी उतरवावी लागतील. माझी माणसं ते बघू शकणार नाहीत, आणि ते लोकही साहेबांना तोच फोटो दाखवणार. दुसरं कापड लावा. आणि साहेबांशी मी बोलतो. तुम्ही मागे राहा. तुमच्यातलं कोणीच बोलू नका. अर्जावर पहिलं नाव कोणाचं आहे?"

"माझं."

"ते खोडा. आमची नावं घाला. गावच्या लोकांची हरकत, असं जाऊ दे."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गावच्या लोकांची! मग मी कोण? तीन पावसाळे त्या अर्जापायी मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. एकेक कोन मी मांडला. पण वर आठ भगवी टोकं फडफडत होती, ती कुणी उभारली होती? मी. मी पर्समधलं पेन काढलं, साहेबांना द्यायचा अर्ज कठड्यावर ठेवला आणि माझं नाव खोडलं. आडव्या रेघेने, दोनदा.

वर आलो तेव्हा दहा वाजले होते. पुढाऱ्याने दोन वाक्यांत आपल्या माणसांना सांगितलं. काही जण पुटपुटले, दोघे निघून गेले, बाकीच्यांनी उपरणी कमरेला बांधली. मांडववाल्याच्या टेम्पोत पांढरं मांडवाचं कापड होतं, त्याचे तुकडे फाडले. छत्तीस फुटी बांबू आडवा करायचा, कापड बदलायचं, पुन्हा उभा करायचा, आठ वेळा, एका तासात! आदल्या दिवशी ह्याच कामाला आम्हाला दुपार लागली होती.

मी प्रत्येक बांबू आडवा झाला की टेप लावायला लावला. "आता मोजायला वेळ कुठाय!" हे ओरडले. मी ऐकलं नाही. काथ्या ताणला की जोड सरकतो. फूटभर जास्त निघाला तर त्या इंजिनियरला आयतंच कोलीत. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पुढाऱ्याच्या. "मूवत्तारु," तो वाचायचा. छत्तीस. "मूवत्तारु." मी मान हलवायची, आणि दोर ओढायचे. जे हात तासाभरापूर्वी गाठी सोडत होते तेच आता ताण देत होते. पुण्याच्या मुलीच्या तळहाताची साल निघाली, तिने ओढणी गुंडाळली आणि परत धरलं.

आठवा उभा होताना जोड सुटला. वरचा बांबू कडाडला आणि सरळ खाली आला, ह्यांच्यापासून दोन हातांवर. मी किंचाळले. हे तिथेच मटकन बसले. "सुम्ने... कशाला..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि मला हसू आणि रडू एकदम आलं. तो बांबू उभा करायला वेळच उरला नाही. सात उभे राहिले. अकराला पाच कमी असताना आम्ही धडपडत खाली उतरलो.

ते मोठे अधिकारी वेळेवर आले. पन्नाशीचे, टोपी घातलेले, हातात वही. बिल्डरचा इंजिनियर छत्री धरून बाजूला. आम्ही मराठी घरं मागे, पिंपळाच्या सावलीत, तोंडाला कुलूप लावून. पुढारी पुढे. अधिकाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरून धारेकडे पाहिलं. सात पांढरी टोकं, सगळी आभाळात. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"काठ्या किती उंच आहेत?" त्यांनी विचारलं.

पुढाऱ्याने छाती पुढे काढली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या साहेबापुढे उभा असेल. घाम फुटला होता त्याला. "नलवत्तारु अडी, सार," तो म्हणाला.

सेहेचाळीस फूट!

इंजिनियरने छत्री मिटली. "बघा सर. आमचं बांधकाम छत्तीसचं आहे. ह्यांनी दहा फूट वाढवून काठ्या लावल्यात. मुद्दाम. ही दिशाभूल आहे, ह्या पाहणीला काही अर्थच नाही." अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी वही मिटायला घेतली. पुढाऱ्याचा चेहरा पांढराफटक, त्याला कळतच नव्हतं आपण काय बोललो.

हे माझा पदर ओढत होते. बेडा, बेडा, नको. मी पदर सोडवून घेतला.

"छत्तीस," मी म्हणाले. "प्रत्येक काठी छत्तीस. तासापूर्वी टेपने मोजली आहे. तुमच्या माणसाला वर पाठवा, कुठलीही एक आडवी करा, मोजा. एक इंच जास्त निघाला तर मी स्वतः बाकीच्या उतरवते."

इंजिनियर माझ्याकडे वळला. मला ओळखलं त्याने, आणि त्याला आनंदच झाला. फोन काढला. "सर, ह्याच त्या बाई. हे काल ह्यांनी तिथे काय लावलं होतं बघा. मराठी झेंडे. सकाळपासून गाव पेटलंय. ही टेकडीची हरकत नाही सर, ही बाहेरच्या लोकांची भानगड आहे."

अधिकाऱ्यांनी फोटो पाहिला. मग मला पाहिलं. नखशिखांत.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

काय सांगायचं? इथली म्हणाले असते तर तो फोटो होता. अर्जदार म्हणाले असते तर नाव मी स्वतःच खोडलं होतं. एकतीस वर्षं पोरांना उत्तरं दिली, आणि एवढ्या सोप्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"नम्म ऊरवरु, सार," पुढारी म्हणाला.

आमच्या गावच्या आहेत.

त्याच्या मागे त्याची माणसं उभी होती, लाल-पिवळी उपरणी कमरेला बांधून. एकाने त्याचं नाव घेऊन त्याला दटावलं. त्याने मागे पाहिलं नाही. "तोंडातून चुकीचं गेलं माझ्या. टेपचं एक टोक मी धरलं होतं सार, मूवत्तारु आहे. हिशेब ह्या टीचरांचा. आमच्या गावच्या टीचर आहेत. शाळा ती काय, समोर."

अधिकाऱ्यांनी शिपायाला मांडववाल्याबरोबर वर पाठवलं. त्याने सर्वांत टोकाची काठी आडवी करून घेतली आणि वरून फोन केला. अधिकाऱ्यांनी फोन कानाला लावून ऐकलं, वही पुन्हा उघडली आणि मला म्हणाले, "नाव?"

मी सांगितलं. आडनावासकट, खणखणीत. त्यांनी लिहून घेतलं.

निकाल पुढच्या महिन्यात हातात आला. वरची आठही घरं रद्द. खालच्या तीन ओळी होणार, त्यांचं खोदकाम सुरूसुद्धा झालंय, दिवसभर धूळ येते, अंगणात कपडे वाळत घालता येत नाहीत. पण धार आहे.

त्या दिवशी मात्र निकाल कुणाला माहीत होता? साहेब गेले, इंजिनियर गेला. पुढाऱ्याने आम्हा दोघांना रिक्षात बसवलं. मी मागे बसून रडायला लागले. हे म्हणाले, "अगं, जिंकलीस तू, रडतेस काय?" त्यांना कसं सांगू? एवढं वय झाल्यावर, जन्मल्या गावात, मी इथली आहे हे सांगायला मला दुसरा माणूस लागला. मला त्याचे पाय धरावेसे वाटत होते, आणि त्याचाच भयंकर राग येत होता.

कॉलनीच्या फाटकाशी त्याने रिक्षा उभी केली. मी उतरले, डोळे पुसले, म्हणाले, "तुझे उपकार झाले, अप्पा."

"उपकार कसले, टीचर." तो मोकळेपणी हसला. मग अगदी आपुलकीने, घरच्या माणसाने विचारावं तसं त्याने विचारलं, "पण तुमचं गाव कुठलं?"

"नजरबाद," मी म्हणाले.

"ते नव्हे हो. मूळ गाव. तिकडचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. माझ्या आजोबांचे आजोबा कुठून तरी इथे आले, कुठून ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. कुणी सातारा म्हणतात, कुणी तंजावर म्हणतात. त्या गावाचं नाव मी कधी ऐकलंच नाही, तर सांगणार काय?

"नजरबाद," मी पुन्हा म्हणाले.

त्याचं हसू ओसरलं. "आयतु, टीचर," तो हळूच म्हणाला, बरं म्हणून, आणि त्याने रिक्षा सुरू केली.